वाऱ्यावरचं पाणी

“हे दिवसभर बसतात कुठे?” असं डॉक्टरने विचारलं तेव्हा तिचं लक्ष वडिलांच्या पावलांकडे होतं. चादर आखूड पडली होती. पावलं उघडी होती आणि उजवं पाऊल थोड्या थोड्या वेळाने पुढे दाबलं जात होतं, मग सैल पडत होतं. जन्मभर शहराच्या बस चालवलेला माणूस. तापाच्या ग्लानीतही कुठेतरी ब्रेक दाबत असणार, असं तिच्या मनात आलं आणि त्या विचाराने हसू येतंय की रडू हेच तिला कळेना. नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. त्याच्या आत वाफ धरायची, विरायची, पुन्हा धरायची. डॉक्टर वयाने तिच्याहून बरीच लहान, केस घाईघाईत वर बांधलेले, कोटाच्या खिशात दोन पेनं आणि अर्धवट खाल्लेल्या बिस्किटांचा पुडा. तिने प्रश्न पुन्हा विचारला. घरात कुठे बसतात, बाहेर जातात का, पाण्याबिण्याशी काही संबंध येतो का. तो ‘पाण्याबिण्याशी’ तिने इतर शब्दांसारखाच उच्चारला होता. तरी तेवढाच वेगळा ऐकू आला, दाताखाली खडा यावा तसा. “घरातच असतात,” ती म्हणाली. “बाल्कनीत बसतात.” डॉक्टरने मान डोलावली आणि ती पुढच्या खाटेकडे वळली.

बाल्कनीत. जिना उतरताना ती तो शब्द घोळवत राहिली. खोटा नव्हता तो. पण खरं बोललेल्या माणसाला, आपण खरं बोललो, हे स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगावं लागत नाही. आई गेल्यावर वडील तिच्याकडे राहायला आले, वीज केंद्राच्या वसाहतीतल्या तिसऱ्या मजल्यावर, आणि आल्या आल्या त्यांनी घरातली आपली जागा निवडली ती बाल्कनी. खुर्ची कठड्याला अशी लावली की डावा हात कठड्यावर आणि नजर थेट चौकावर. तिथून ते दिवसभर दुसऱ्यांची वाहनं हाकायचे. “ह्याला लायसन्स कुणी दिलं? ज्याने दिलं त्याचं आधी काढून घ्या.” चौक समोर होता आणि उजव्या हाताला, भिंतीपलीकडे, केंद्राचे कूलिंग टॉवर, ओळीने उभे, रुंद बुडाचे, डोक्यावर पांढऱ्या वाफेचा पिसारा. वारा फिरला की तो पिसारा वसाहतीकडे कलायचा आणि त्यातून अगदी बारीक तुषार यायचे. डोळ्यांना दिसायचे नाहीत, हाताला लागायचे नाहीत. वडिलांच्या चष्म्यावर तेवढे उमटायचे. मग ते चष्मा काढायचे, सदऱ्याच्या टोकाने पुसायचे आणि आत हाक मारायचे, “तुझं पाणी आलं गं!” जसा काही तिच्या माहेरचा पाहुणाच आला. तिने एकदा म्हटलंही होतं की वारा इकडे असेल तेव्हा आत बसत जा. ते म्हणाले, इतकी वर्षं इंजिनाच्या धगीशी बसून काढली, आता आयता गारवा मिळतोय तर तोही नको? ती हसली होती. आपण सांगितलं म्हणजे सांगून झालं, अशा थाटात ती पुन्हा स्वयंपाकघरात गेली होती. आता बसच्या खिडकीशी बसून ती ते आपलं हसणं आठवू लागली आणि ते कुणा दुसऱ्याच बाईचं वाटू लागलं, सुखवस्तू, बिनघोर.

पाणी खरोखरच तिचं होतं. केंद्रात तिला सगळे पाणीबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, तिलाही ते आवडायचं. बॉयलरचं पाणी, थंड करायचं पाणी, येणारं, जाणारं, सगळ्याची रासायनिक तपासणी तिच्या प्रयोगशाळेत व्हायची. पूर्वी टॉवरना तलावाचं पाणी लागायचं, तेच पाणी ज्यावर शहराची तहान भागायची. मग ते कोरडं वर्ष आलं. वसाहतीच्या फाटकासमोर टँकरपाशी डबे घेऊन बायाबापड्यांची रांग लागायची आणि रांगेतून मान वर केली की दिसायचे ते टॉवर, तलावाचं पाणी ढगासारखं आभाळात सोडून देणारे. आई तेव्हा हयात होती. तीही त्या रांगेत उभी राहून आली होती आणि संध्याकाळी फोनवर म्हणाली होती, “तुमच्या भट्टीला आमच्यापेक्षा जास्त तहान लागते वाटतं.” ते वाक्य तिच्या जिव्हारी लागलं. त्यानंतर तिने डोक्यात एकच घेतलं: शहराने वापरून फेकलेलं पाणी, मोरीचं, न्हाणीचं, संडासाचं, शहराच्या शुद्धीकरण केंद्रात साफ होतं आणि नदीत जातं. ते नळातून इकडे आणायचं, टॉवरना द्यायचं आणि तलाव माणसांना सोडायचा. किती दारं झिजवली, किती जणांनी नाकं मुरडली. सभागृहात लोकांसमोर योजना मांडायची वेळ आली तेव्हा मागून एक जण उठून म्हणाला, आमचीच घाण आमच्या डोक्यावर उडवणार म्हणा की. लोक हसले. दुसऱ्याने बाटलीतला नमुना तिच्यापुढे केला, एवढं स्वच्छ आहे तर पिऊन दाखवा. ती म्हणाली होती, नाही पिणार. हे प्यायचं पाणी नाही, हे यंत्र थंड करायचं पाणी आहे, आणि ते तसंच सांभाळावं लागेल, रोज. नंतर सगळ्यांनी तिला सांगितलं, तू प्यायला नकार दिलास तिथेच जिंकलीस. खोटं बोलत नाही बाई, असं लोकांना वाटलं. त्या दिवसापासून तिला स्वतःलाही तसंच वाटत आलं होतं.

‘रोज’ हा शब्द तिचाच होता. आणि गेल्या आठवड्यात शहराच्या शुद्धीकरण केंद्रातले, पाण्यात हवा सोडणारे पंखे बिघडले. हवा कमी पडली की त्या पाण्यात अमोनिया तसाच राहतो आणि अमोनिया क्लोरीनला खातो. टॉवरच्या पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून ती जो क्लोरीन टाकत होती तो टाकल्या टाकल्या नाहीसा होत होता, भगदाड पडलेल्या घागरीत पाणी ओतावं तसा. पाणी कोमट, त्यात अन्नाचा अंश, वर ऊन. जंतूंना आणखी काय हवं. त्यात एका टॉवरच्या माथ्यावरच्या, तुषार अडवणाऱ्या पट्ट्या तुटलेल्या होत्या. नव्या मागवल्या होत्या, येत होत्या, कधीच्या येत होत्या. तिने मुख्य अभियंत्यांना सांगितलं होतं. सांगितलं होतं म्हणजे केबिनच्या दारात उभं राहून, साहेब, तो टॉवर बंद करून धुवायला हवा, असं म्हटलं होतं. ते म्हणाले होते, उन्हाचा कहर आहे, वीजनिर्मितीचा दुसरा संच आधीच बंद आहे, आठवडाअखेरीला मागणी उतरली की धुऊ. तिने “बरं” म्हटलं. किती लहान शब्द. तो उच्चारायला ओठ एकदा मिटले की पुरे. त्या “बरं”नंतर आठवडाअखेर यायच्या आतच वडिलांना थंडी वाजून आली.

मनात ती हिशेब मांडायची आणि पुसायची. न्यूमोनिया म्हाताऱ्या माणसांना होतोच. वडिलांची छाती आधीच अधू, अर्धं आयुष्य धुरात आणि उरलेलं सिगारेटीत. एका माणसाच्या आजाराचं कारण शोधायला निघालं तर वाटेल ते कारण सापडतं. डॉक्टरने सहज विचारलं असेल. सगळ्यांनाच विचारत असतील. बसमध्ये पुढच्या बाकावर एक लहानगी उलटी बसून तिच्याकडे एकटक बघत होती आणि आपल्या चेहऱ्यावर काहीतरी दिसतंय की काय म्हणून तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. खिडकीत टॉवर आले होते. आज वारा पलीकडे होता. पिसारा मोकळ्या माळाकडे झुकला होता, निरागस, जाहिरातीतल्या साबणाच्या फेसासारखा.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने वडिलांची चौकशी केली. मग सहज म्हणाला, आपला माळीही तिथेच आहे ना, त्याच दवाखान्यात. त्यालाही न्यूमोनियाच सांगितलाय. हवाच वाईट आहे, बाई. तिने विचारलं, कधीपासून. तो म्हणाला, दोन-तीन दिवस झाले असतील, आधी अंगावर काढलं त्याने. ती हो हो म्हणत पुढे गेली आणि टॉवरच्या खालच्या हिरवळीपाशी पोचल्यावर तिचे पाय थांबले. हिरवळीवर पाण्याची रबरी नळी वेटोळं घालून पडली होती, शेजारी खुरपं. माळ्याला ती रोज बघायची. डोक्याला फडकं बांधलेला, कमी बोलणारा, चाळिशीचा माणूस. एकदा त्याने तिला थांबवून विचारलं होतं, पाणीबाई, ह्या गवताला वेगळं पाणी घालावं लागत नाही, वरूनच भिजतं, हे तुमचंच ना? तिने मोठ्या कौतुकाने मान डोलावली होती.

दोघं. एक म्हणजे दुर्दैव, पण दोघांना दुर्दैव म्हणता येत नाही. डॉक्टरने सहज विचारलं नव्हतं; तिच्याकडे वीज केंद्राच्या परिसरातून आलेली दोन माणसं होती आणि त्यांना जोडणारं काय आहे हे कोण सांगेल याची ती वाट बघत होती. फोन पर्समध्ये होता. दवाखान्याचा नंबरही त्यात होता. तिने फोन बाहेर काढला, त्याच्या काळ्या काचेत टॉवरचा एक तुकडा आणि आपली हनुवटी बघितली आणि परत आत ठेवला. आधी साहेबांशी बोलू, असं ती स्वतःशी म्हणाली. आधी खात्री करू. नुसत्या संशयावर योजना बंद पडली तर टॉवर पुन्हा तलावावर जाणार, पुन्हा ती रांग. किती समंजस कारण होतं ते. नंतर ती कितीदा तरी त्या हिरवळीपाशी मनाने परत आली आणि प्रत्येक वेळी ते कारण तितकंच समंजस दिसलं. त्याचीच तर तिला भीती वाटायची.

मुख्य अभियंते वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर सोपं गेलं असतं. ते दोन फोन एकदम सांभाळत होते, टेबलावर डब्याचं झाकण उघडं, आत जेवण तसंच. तिचं बोलणं त्यांनी मधे न तोडता ऐकून घेतलं आणि डोळ्यांवरून हात फिरवला. वडील कसे आहेत, हे आधी विचारलं. मग म्हणाले की आज दुपारीच क्लोरीनचा मोठा डोस मारा, हवा तेवढा मारा, पाणी साफ करून टाका. मग कुणीही येऊन नमुना घेऊ दे.

“आधी नमुना घ्यायला हवा,” ती म्हणाली. “डोस मारल्यावर काहीच सापडणार नाही.”

“मी तेच म्हणतोय.”

बाहेर टर्बाइनची घरघर होती, जी ऐकू येते हे ती एरवी विसरूनच गेलेली असायची. ते उठून खिडकीशी गेले आणि तिच्याकडे पाठ करूनच बोलू लागले. हे बाहेर पडलं तर हा संच आजच बंद करावा लागेल. अर्धं शहर अंधारात जाईल, या उन्हात. तुमचे वडील ज्या यंत्रावर श्वास घेताहेत ते कशावर चालतं? आणि योजना कुणाची आहे, माझी नाही, तुमची आहे. उद्या लोक म्हणतील, बघा, सांगत होतो. तलाव परत मागायला मीच जाईन, मला काय, मला पाणी कुठलंही चालतं. एकेक वाक्य खरं होतं. खऱ्या वाक्यांची अशी भिंत उभी राहू शकते, हे तिने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. खरं बोलणं म्हणजे दार, अशी तिची समजूत होती. ती म्हणाली, नमुना घेते, मग डोस मारते. खिडकीच्या काचेवर त्यांनी बोटाने एक रेघ ओढली आणि तळहाताने पुसली.

टॉवरची लोखंडी शिडी तापली होती, हातमोज्यातूनही पोळत होती. तोंडावर मुखवटा बांधून ती वर चढली आणि दाराची कडी काढली. आतला ऊबदार श्वास अंगावर आला, ओला, गोडसर, खूप माणसं झोपलेल्या बंद खोलीसारखा. आत वरून पाऊस पडत होता, अखंड, प्लास्टिकच्या थरांवरून ठिबकत, फुटत, पुन्हा फुटत खाली जाणारा. हे दृश्य तिने मोठ्या अभिमानाने किती पाहुण्यांना दाखवलं होतं. सगळ्या शहराच्या आंघोळी, सगळ्या शहराची धुणी, असं ती त्यांना सांगायची, आणि लोक हसले की तिला बरं वाटायचं. कडेच्या भिंतीवर तिने बोट फिरवलं. बुळबुळीत थर होता, जाड, बोटाखाली हलणारा. तो काल-परवाचा नव्हता. तिने कापसाच्या बोळ्याने तो खरवडून घेतला, बाटल्या भरल्या, बुचं घट्ट केली. हात आपलं काम जाणत होते. पण मनात एक चमत्कारिक इच्छा वर येत होती: या बाटल्यांत काही निघू नये. वडील आजारी असोत, पण माझ्या पाण्याने नको. ही इच्छा तिने ओळखली तेव्हा तिला शिडीचा दांडा धरून थोडं थांबावं लागलं. बाप मरणाच्या दारात, आणि मुलगी पाण्याची बाजू घेते. खाली उतरून तिने डोस सुरू करवला, बाटल्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवल्या आणि दवाखान्याची बस धरली.

डॉक्टर नर्सच्या टेबलापाशी उभ्यानेच चहा पीत होती. डॉक्टरला तिने सगळं सांगितलं: टॉवर, पाणी कुठून येतं, अमोनिया, क्लोरीन, तुटलेल्या पट्ट्या, वारा, बाल्कनी. सभागृहात सांगितलं होतं तसंच, क्रमाने, सोपं करून. अशा पाण्यात लिजिओनेला नावाचा जंतू वाढतो, तुषारांतून फुप्फुसात जातो, आणि न्यूमोनियाची नेहमीची औषधं त्याला लागू पडत नाहीत. शेवटचं वाक्य बोलताना तिच्या लक्षात आलं की हे समोरच्या बाईला ठाऊक आहे. ठाऊक होतं म्हणूनच तिने विचारलं होतं. डॉक्टरने कप खाली ठेवला. नर्सला हाक मारून लघवीची एक तपासणी सांगितली आणि औषध बदलायला सांगितलं, रिपोर्टची वाट न बघता, आत्ताच. मग तिच्याकडे वळून विचारलं, आवाज न चढवता, माहिती भरून घ्यायची असते तशी.

“सकाळी हे लक्षात आलं नव्हतं का?”

“आलं होतं.”

डॉक्टरने ते कागदावर लिहून घेतलं. रागावली असती तर तिला त्या रागाला धरून उभं राहता आलं असतं. तिने माळ्याबद्दल विचारलं. त्यालाही औषध बदलायचं ना? डॉक्टर म्हणाली, “ते गेले. दुपारी.” मग, तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं असावं म्हणून, म्हणाली की ते फार उशिरा आले होते, दोन्ही फुप्फुसं भरली होती, सकाळी औषध बदललं असतं तरी फरक पडला असता असं नाही. पडला नसता असंही तिने म्हटलं नाही. ती चांगली डॉक्टर होती. जेवढं ठाऊक तेवढंच बोलत होती.

पुढचं सगळं भराभर झालं, पण ते तिच्यापर्यंत पोचायचं ते पाण्याखालून ऐकल्यासारखं. वडिलांची तपासणी तोच जंतू दाखवून गेली. टॉवरच्या बाटल्यांतही तो निघाला. संच बंद झाला, शहरात आळीपाळीने वीज जाऊ लागली, लोक गच्च्यांवर झोपू लागले. वसाहतीतल्या आणखी काही जणांना खोकला-ताप होता. त्यांना वेळेवर शोधून योग्य औषध मिळालं आणि ते सगळे वाचले. वर्तमानपत्रांनी ‘गटाराचं पाणी’ असं लिहिलं. चौकशी आली. तिने जे होतं ते सांगितलं, केबिनच्या दारातलं “बरं”सुद्धा. मुख्य अभियंत्यांची बदली झाली. जाताना त्यांनी तिला दुरूनच नमस्कार केला. योजना मात्र बंद पडली नाही, कारण त्या वर्षीही तलाव तळाला गेला होता आणि दुसरं पाणी कुणाकडेच नव्हतं. अटी घातल्या: पट्ट्या नव्या, टॉवर ठरल्या वेळी धुवायचे, अमोनिया वाढला की नळ आपोआप बंद. त्या अटी लिहायला समितीने तिलाच बोलावलं. या विषयातलं दुसरं जाणकार माणूस नाही, असं म्हणाले. शिक्षा होईल म्हणून ती मनाची तयारी करून गेली होती आणि परतताना तिच्या हातात बढतीसारखं काहीतरी होतं. ते कुठे ठेवावं हे तिला कळेना.

वडील घरी आले ते निम्मे होऊन. आवाज गेला होता, भूक गेली होती, दुसऱ्यांच्या गाड्या हाकायची हौसही गेली होती. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायचे. एका दुपारी त्यांना सूप भरवताना तिने सगळं सांगितलं. सांगू नये असंही वाटलं होतं. आजारी माणसाच्या उरावर आपलं ओझं कशाला. पण त्यांना आधी वर्तमानपत्रातून कळावं हेही तिला नको होतं. ते ऐकत राहिले. मग चमचा हाताने बाजूला सारून म्हणाले, “ब्रेक लागत नाही असं कळलं की ड्रायव्हर काय करतो?”

तिला उत्तर ठाऊक होतं; लहानपणापासून ऐकलेलं होतं. “हॉर्न वाजवतो.”

“वाजवलास?”

“उशिरा वाजवला, बाबा.”

सूप गार झालं. शेवटी ते म्हणाले, “आता गरम करून आण.” त्यापलीकडे त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत. ते तिला माफ करताहेत की नाही याचा अंदाज ती त्यांच्या खोकल्यावरून, कूस बदलण्यावरून, वाडगा परत करण्याच्या पद्धतीवरून बांधत राहिली, आणि तो रोज वेगळा निघायचा.

माळ्याच्या घरी ती गेली तेव्हा कुणी तिला जायला सांगितलं नव्हतं. उलट कार्यालयातल्या लोकांनी जाऊ नका म्हटलं होतं. भरपाईचं बोलणं चालू आहे, तुम्ही मधे काही बोललात तर गुंता होईल. बाजारामागच्या चाळीत, वरच्या मजल्यावर, दोन खोल्या. जिना चढताना तिने वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. दार माळ्याच्या बायकोने उघडलं. उंच, हाडापेराने मजबूत बाई, बाह्या वर सारलेल्या. कपडे पिळता पिळता उठून आली होती. पाणीबाई का, म्हणाली, या. खुर्चीवरचे वाळलेले कपडे उचलून तिने जागा केली. घरात एकही झाड नव्हतं. खिडकीत कुंडीसुद्धा नाही. ती बघत होती हे त्या बाईने बघितलं आणि म्हणाली, दिवसभर झाडंच बघायची, घरी आल्यावर तरी त्यांचं तोंड नको, असं म्हणायचे ते. आणि किंचित हसली. ते हसू तिच्या चेहऱ्यावर कुठे राहावं हे न कळल्यासारखं घुटमळलं आणि निघून गेलं.

तिने सांगितलं. जुळवलेली वाक्यं आयत्या वेळी एकही आली नाही. आलं ते आडवंतिडवं. की पाण्याची तपासणी माझ्याकडे होती. की पाणी बिघडलंय हे मला आधीच कळलं होतं आणि मी नेट लावला नाही. की त्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला विचारलं आणि मी अर्धंच सांगितलं. उरलेलं दुपारी सांगायला गेले, तोवर ते गेले होते. की डॉक्टर म्हणतात, तरीही वाचले नसते कदाचित, पण कदाचित. ओले हात बाईने मांडीवर पालथे ठेवले होते आणि त्यांच्याकडे बघत होती. शेजारच्या घरात कुणीतरी कुणाला तरी गणिताचा पाढा घोकायला लावत होतं. पाढा चुकला, थांबला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

“साहेब लोक येऊन गेले,” बाई शेवटी म्हणाली. “ते म्हणाले, कुणाचीच चूक नाही.”

“तसं नाही.”

“मलाही वाटलंच होतं. माणूस जातो आणि कुणाचीच चूक नसते, असं कसं असेल.” ती उठली, खिडकीपाशी गेली आणि दोरीवरचा एक सदरा, पुरुषाचा, उगाच सारखा करून परत आली. तिच्या बोलण्यात राग होता की नव्हता हे समजायला मार्ग नव्हता. जड वस्तू एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवावी तशी ती बोलत होती. “तुम्ही आलात ते काय मनाचं ओझं हलकं करायला?”

याचं उत्तर तिने शोधलं. जिन्यात जुळवलेल्या वाक्यांत ते नव्हतं. “हो,” ती म्हणाली. “पण ते होणार नाही, हे आत्ता इथे बसल्यावर कळलं.”

बाईने मान हलवली, जणू हे बरोबर आहे. मग तिने सांगितलं की सोमवारपासून ती कामाला लागणार आहे. नवऱ्याच्या जागी, माळीकामालाच. बागकाम तिला येत नाही, पण शिकेल. खुरपं काय, हातात धरलं की चालतं. दुसरं काम बघितलं असतं, पण घर चालवायचं तर एवढ्यात दुसरं कुठून आणणार. म्हणजे तीच हिरवळ, पाणीबाईंच्या लक्षात आलं, तीच, वरून भिजणारी. प्यायला पाणी मागावं असं तिला वाटलं आणि ते मागवेना.

“आता ते पाणी बरं आहे?” बाईने विचारलं.

इतक्या जणांनी इतक्या ठिकाणी तिला हे विचारलं होतं, समितीने, वर्तमानपत्रांनी, वसाहतीतल्या बायकांनी, आणि प्रत्येकाला द्यायला तिच्याकडे आकडे होते. ती म्हणाली, “आज बरं आहे.”

“आणि सोमवारी?”

“सोमवारी सकाळी बघून सांगेन.”

बाई तिच्याकडे बघत राहिली, पहिल्यांदाच सरळ, डोळ्याला डोळा भिडवून. “मग तसंच करा,” ती म्हणाली. “मी फाटकाबाहेर उभी राहीन. तुम्ही स्वतः येऊन सांगायचं. सोमवारीच नाही, रोज. तुम्ही सांगितल्याशिवाय मी पाऊल आत टाकणार नाही.”